चळवळीत जावे, पण काय काय घेऊन?

प्रश्न : पत्रलेखिका चित्रकारांच्या एका गटाच्या संयोजक आहेत. गटात विशीपासून सत्तरीपर्यंतचे वीसेक जण असून त्यांतले काही व्यावसायिक आहेत, तर बाकीचे नोकरी सांभाळून चित्रे काढणारे आहेत. दर आठवड्याला एकत्र बसून काम करणे, एकमेकांच्या चित्रांवर मोकळेपणाने बोलणे आणि वर्षातून एक प्रदर्शन भरवणे हा गटाचा शिरस्ता आहे. अलीकडे अनेक शहरांत पसरलेल्या एका कला-चळवळीने या गटाला संलग्न होण्याचे निमंत्रण दिले आहे. संलग्न झाल्यास मोठ्या प्रदर्शनांत जागा आणि पाहुण्या कलावंतांच्या कार्यशाळा मिळतील. त्यासाठी चळवळीच्या जाहीरनाम्यावर सही करावी लागेल, गटाच्या नावाआधी चळवळीचे नाव लावावे लागेल, वर्षातले दोन उपक्रम चळवळीने दिलेल्या विषयावर करावे लागतील आणि निवडक चित्रांच्या प्रतिमा चळवळीच्या संग्रहाला द्याव्या लागतील. तरुण सदस्यांना ही संधी दवडायची नाही. गट स्थापन करणारे ज्येष्ठ चित्रकार मात्र म्हणतात, ‘विषय बाहेरून येणार असतील, तर माझे नाव यादीतून काढा.’ नकार दिला तर आपण संकुचित ठरू का, होकार दिला तर गटाची ओळख पुसली जाईल का, आणि मतदान घेऊन हा वाद मिटवावा का, असे पत्रलेखिका विचारतात. गट गेली दोन वर्षे थोडा थंडावला असून निदान या निमित्ताने त्याला उभारी येईल, अशी आशाही त्यांनी व्यक्त केली आहे. महिनाअखेरीस उत्तर कळवायचे आहे.

उत्तर :

तुम्ही हा प्रश्न होकार की नकार असा मांडला आहे, कारण बहुधा निमंत्रणातच तो तसा मांडलेला आहे. परंतु तुम्ही लिहिलेल्या अटी एकेक करून वाचल्या, तर त्यांत चार वेगवेगळे व्यवहार दिसतात. जाहीरनाम्यावर सही करणे हा विचारांचा प्रश्न आहे, नावाआधी नाव लावणे हा ओळखीचा, विषय स्वीकारणे हा थेट कामाचा आणि प्रतिमा देणे हा हक्कांचा. यांपैकी एकाला आनंदाने हो म्हणून दुसऱ्याला स्पष्टपणे नाही म्हणण्यात काहीही विसंगती नाही. चळवळी आपले निमंत्रण एकगठ्ठा पाठवतात, कारण त्यांना अनेक गटांशी एकाच वेळी पत्रव्यवहार करायचा असतो आणि प्रत्येकाशी वेगळी बोलणी करायला त्यांच्याकडे सहसा पुरेशी माणसे नसतात. त्यात लबाडी असतेच असे नाही. तुमच्याकडे झाले ते असे, की छापील मसुदा म्हणजे बोलण्याची अखेर असे सर्वांनी मानले आणि चळवळीला एकही प्रश्न विचारण्याआधी गटात दोन तट पडले.

ओळख पुसली जाण्याची भीती समजण्यासारखी आहे. मात्र त्या भीतीमागे गटाची ओळख त्याच्या नावात असते, असे एक गृहीतक आहे. चित्रकलेच्या इतिहासातील सर्वांत गाजलेल्या चळवळीकडे पाहिले, तर हे गृहीतक फारसे टिकत नाही. १८७४ च्या एप्रिलमध्ये पॅरिसमध्ये छायाचित्रकार नादार याच्या जुन्या स्टुडिओत तिसेक कलावंतांनी सलॉनला, म्हणजे निवड मंडळाने चित्रे निवडलेल्या प्रस्थापित सरकारमान्य प्रदर्शनाला, वळसा घालून स्वतःचे प्रदर्शन भरवले. आज आपण त्यांना दृक्प्रत्ययवादी, म्हणजेच इम्प्रेशनिस्ट, म्हणतो. पण त्या वेळी त्यांच्या संस्थेचे नाव चित्रकार, शिल्पकार, मुद्राचित्रकार ‘इत्यादींची’ मंडळी असे, एखाद्या व्यापारी पेढीला शोभेल इतके रूक्ष होते. ‘इम्प्रेशनिस्ट’ हा शब्द टिंगल करणाऱ्या एका समीक्षकाने त्यांना चिकटवला. १८७७ च्या तिसऱ्या प्रदर्शनाला त्यांनी तो स्वतःहून लावला आणि १८७९ च्या चौथ्या प्रदर्शनाला बाजूला ठेवून ‘स्वतंत्र कलावंत’ असे म्हणवून घेतले. त्यांच्यातल्या एदगार देगा या चित्रकाराला ‘इम्प्रेशनिस्ट’ हे नाव कधीच मानवले नाही, तरीही गटाच्या एकूण आठ प्रदर्शनांपैकी सातांत त्याची चित्रे होती. त्यांचा समकालीन चित्रकार एदुआर माने याने बोलावणे असूनही त्यांपैकी एकाही प्रदर्शनात चित्र लावले नाही, तरीही त्या चळवळीचा इतिहास त्याच्याशिवाय लिहिता येत नाही. आठही प्रदर्शनांत सहभागी झालेला चित्रकार एकच, कामी पिसारो.

हे तपशील मी मुद्दाम सविस्तर दिले आहेत. एकाच चळवळीशी नाते जोडण्याच्या किमान तीन रीती त्यांत दिसतात. पिसारोसारखे पूर्णपणे आत राहता येते, देगासारखे नावाला हरकत घेत आत राहता येते आणि मानेसारखे बाहेर राहूनही निकटचा संवाद ठेवता येतो. तुमच्या निमंत्रणात त्यांपैकी पहिलीच रीत लिहिलेली आहे. उरलेल्या दोन तुम्हाला मागून घ्याव्या लागतील. म्हणूनच नकार दिल्यास आपण संकुचित ठरू, या भीतीलाही मी फारसे वजन देणार नाही. संकुचितपणा दुसऱ्यांचे काम पाहण्याच्या अनिच्छेत असतो. दुसऱ्यांचे प्रदर्शन आवर्जून पाहणारा आणि त्यांच्या चित्रकारांना आपल्या बैठकीला बोलावणारा गट संलग्न नसला, तरी त्याला संकुचित कोण म्हणेल?

त्याच इतिहासात एक धोक्याची खूणही आहे. आपल्यासोबत प्रदर्शन करणाऱ्याने सलॉनकडे चित्रे पाठवू नयेत, असा देगाचा आग्रह होता. गटातल्या रेन्वार या चित्रकाराने १८७८ मध्ये सलॉनची वाट धरली आणि पुढच्या वर्षीच्या गटाच्या प्रदर्शनात तो नव्हता. १८८० मध्ये गटातल्याच मोने या चित्रकाराच्या बाबतीत तेच घडले. समीक्षकांच्या टिंगलीने जो गट फुटला नाही, तो ‘इथे असाल तर तिथे नाही’ या अटीने कुरतडला गेला. तुमच्या मसुद्यात अशी अट आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. गटातील व्यावसायिक चित्रकारांना अन्यत्र प्रदर्शन भरवण्याची, दुसऱ्या संस्थेचे काम घेण्याची किंवा दुसऱ्या चळवळीत वैयक्तिकरीत्या सामील होण्याची मोकळीक राहील का, हे सर्वांत आधी विचारा. जाहीरनाम्याच्या शब्दांपेक्षा या एका उत्तरावरून चळवळीचा स्वभाव अधिक कळेल. नावाच्या बाबतीत मात्र साधा तोडगा सुचवता येईल. गटाचे नाव आहे तसे ठेवावे आणि त्याखाली अमुक चळवळीशी संलग्न असे लिहावे. बहुतेक ठिकाणी हे मान्य होते आणि ज्यांना एवढेही मान्य नसते, त्यांना सहकारी गट हवा आहे की शाखा हवी आहे, हे निदान उघड होते.

आता त्या ज्येष्ठ चित्रकारांविषयी. तुमच्या पत्रातून असे जाणवते, की त्यांच्या विधानाकडे गटातील अनेकांनी वयोपरत्वे आलेला हट्ट म्हणून पाहिले आहे. मला ते तसे वाटत नाही. चार अटींपैकी त्यांनी नेमकी एकच निवडली, तीही थेट चित्राच्या कामाशी संबंधित असलेली. नाव, सही किंवा संग्रह यांवर ते भांडत बसले नाहीत. याचा अर्थ त्यांनी मसुदा काळजीपूर्वक वाचला आहे. त्यांचे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारावे, असे मात्र मी सांगणार नाही, कारण बाहेरून आलेला विषय चित्राला मारतोच असे नाही. सांगून घेतलेल्या कामातूनही कलावंतांनी शतकानुशतके उत्तम निर्मिती केली आहे. विषय कोण देतो, यापेक्षा विषय दिल्यानंतर तो हाताळण्याची मुभा किती राहते आणि ‘हे चित्र विषयात बसत नाही’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत.

शिवाय हा अधिकार जाचक होण्यासाठी चळवळ मोठी किंवा दूरची असावी लागत नाही. १९०९ मध्ये म्युनिकमध्ये वासिली कान्डिन्स्की या चित्रकाराने पुढाकार घेऊन नव्या चित्रकारांचा एक संघ स्थापन केला होता. १९११ च्या डिसेंबरमधल्या प्रदर्शनासाठी त्याच संघाच्या निवड मंडळाने आकाराचा नियम दाखवून त्याचे एक मोठे चित्र नाकारले. कान्डिन्स्की, फ्रान्झ मार्क आणि गाब्रिएल म्युंटर तत्काळ बाहेर पडले आणि त्याच महिन्यात त्यांनी ‘ब्लाऊ रायटर’ म्हणजे ‘निळा घोडेस्वार’ या नावाने वेगळे प्रदर्शन भरवले. मतभेद अर्थातच खूप आधीपासून धुमसत होते. नियम फक्त निमित्त झाला. आपला गट लहान आणि ओळखीच्या माणसांचा आहे, म्हणून तिथे स्वातंत्र्य सुरक्षित आहे आणि चळवळ मोठी आहे, म्हणून तिथे ते धोक्यात येईल, ही विभागणी इतकी सरळ नाही. त्या ज्येष्ठांशी बोलताना हा मुद्दा काढायला हरकत नाही, पण तो बैठकीत काढू नका. त्यांना आधी एकटे भेटा आणि त्या भेटीत मन वळवण्याचा प्रयत्न न करता विचारा : कोणत्या प्रकारचा विषय आला तर तुम्ही काम कराल आणि कोणत्या प्रकारचा आला तर करणार नाही? त्यांच्या उत्तरातून चळवळीला पाठवण्याचा एक उत्तम प्रश्न तयार होईल.

जाहीरनाम्याबद्दल एक उपाय सुचवतो. काही चळवळींचे जाहीरनामे इतके स्पष्ट असतात, की जुळते की नाही हे पहिल्याच कलमात कळते. गॅब्रिएल कॅम्पानारिओ या पत्रकार-चित्रकाराने २००७ मध्ये सुरू केलेल्या ‘अर्बन स्केचर्स’ या चळवळीचा जाहीरनामा आठ कलमांचा आहे आणि प्रत्यक्ष जागेवर बसून, समोर दिसते ते रेखाटायचे, हे त्याचे पहिलेच कलम आहे. छायाचित्रावरून किंवा कल्पनेने काम करणाऱ्याला ती जागा आपली नाही, हे तिथेच समजते आणि कोणाला अपमानही वाटत नाही. याउलट समाजाभिमुखता, संवाद, परिवर्तन अशा भारदस्त शब्दांचा जाहीरनामा सर्वांनाच पटतो, कारण तो कोणालाच काही करायला लावत नाही. पुढे कोणीतरी त्या शब्दांचा अर्थ लावतो आणि तेव्हा वाद होतात. म्हणून एका बैठकीत प्रत्येकाने गेल्या वर्षातली आपली तीन चित्रे आणावीत, मधोमध जाहीरनामा ठेवावा आणि यातली कोणती चित्रे या शब्दांत बसतात, यावर मोकळेपणाने बोलावे. ही चर्चा अमूर्त तत्त्वांवरच्या वादापेक्षा पुष्कळ उपयोगी ठरेल. तुमच्यातले कितीजण न ठरवताही आधीपासूनच चळवळीच्या जवळ आहेत आणि कितीजण नाहीत, हे त्या दिवशी समोर दिसेल.

आता तुमच्या पत्रातील त्या आशेकडे येतो, कारण माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. गट थंडावला आहे आणि संलग्न झाल्याने उभारी येईल, असे तुम्हाला वाटते. चळवळ तुम्हाला व्यासपीठ, पाहुणे, प्रेक्षक आणि मुदती देऊ शकते. आठवड्याच्या बैठकीला माणसे आणून बसवणे तिच्या हातात नाही. ज्या गटाकडे काम साचले आहे आणि ते दाखवायला जागा नाही, त्याला मोठ्या चळवळीचा फार फायदा होतो. ज्या गटात कामच मंदावले आहे, त्याच्यावर मात्र वर्षाला दोन उपक्रमांची जबाबदारी येऊन पडते, आणि विझत चाललेल्या चुलीवर मोठे पातेले चढवल्यासारखे होते. तेव्हा आधी थंडावण्याचे कारण शोधा. कोण यायचे थांबले आणि केव्हापासून? नवीन माणसे येत नाहीत की येऊन टिकत नाहीत? एकमेकांच्या चित्रांवर बोलणे अजून मोकळे आहे की आता सगळे एकमेकांचे कौतुक करून चहाला उठतात? हा माझा अंदाज आहे, पण बरीच वर्षे एकत्र असलेल्या गटांत हेच सर्वाधिक घडते : कोणाचेच काम कोणाला चकित करत नाही आणि टीका करायला संकोच वाटू लागतो. कारण हे असेल, तर बाहेरच्या कलावंतांची कार्यशाळा खरोखर उपयोगी पडेल आणि त्यासाठी संलग्न होण्याचीही गरज नाही. बैठकीची वेळ, जागा किंवा दोन सदस्यांमधला न बोललेला दुरावा हे कारण असेल, तर जगातली कोणतीही चळवळ ते दूर करू शकणार नाही.

याला जोडूनच आणखी एक व्यावहारिक बाब आहे. संलग्नतेमुळे वाढणारे काम चित्रे काढण्याचे फार थोडे आणि पत्रव्यवहार, अहवाल, छायाचित्रे, चित्रांची ने-आण आणि बैठका यांचे पुष्कळ असते. सध्याच्या व्यवस्थेत ते सगळे तुमच्याकडे येईल, आणि संयोजकाचे स्वतःचे चित्र अशा वेळी सर्वांत आधी थांबते. तुम्ही पत्रात स्वतःच्या चित्रांविषयी एक ओळही लिहिलेली नाही, हे माझ्या लक्षात आले आहे. तेव्हा उत्साही तरुण सदस्यांना मत विचारण्याआधी कामे विचारा : चळवळीशी पत्रव्यवहार कोण सांभाळणार, पहिल्या उपक्रमाची जबाबदारी कोणाची, अहवाल कोण लिहिणार? वर्षभरासाठी दोन-तीन नावे पुढे आली, तर ते तुमच्या गटाच्या इच्छेचे खरे माप समजा. हात वर करणारे पुष्कळ आणि हात लावणारे कोणीच नाही अशी स्थिती दिसली, तर तेवढे कारण नम्र नकारासाठी पुरेसे आहे.

प्रतिमांच्या हक्कांबाबत गट सहसा निष्काळजी असतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. चित्राचा स्वामित्वहक्क सामान्यतः चित्रकाराचा असतो, गटाचा नव्हे. त्यामुळे संयोजक म्हणून तुम्ही सर्वांच्या वतीने सही करून तो देऊ शकत नाही. प्रत्येक चित्रकाराची लेखी संमती घ्यावी लागेल. हक्क देऊन टाकणे आणि वापराची परवानगी देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्हाला दुसरीच करायची आहे. परवानगीत कोणत्या कामासाठी, किती काळ आणि कुठे हे तिन्ही लिहिलेले असावे. चळवळीच्या संग्रहात आणि प्रदर्शनाच्या पत्रकात वापरणे एक, आणि त्याच प्रतिमेच्या वस्तू छापून विकणे दुसरे. चित्रकाराचे नाव चित्रासोबत राहणे आणि चित्राची मोडतोड न होणे हे हक्क तर बर्न करारात, म्हणजे स्वामित्वहक्काविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात, १९२८ पासून स्वतंत्रपणे मान्य केलेले आहेत. आर्थिक हक्क दिल्यानंतरही ते चित्रकाराकडे राहतात. मसुद्यात ‘सर्व हक्क’, ‘कायमस्वरूपी’ किंवा ‘अपरिवर्तनीय’ असे शब्द आढळले, तर तिथे थांबा आणि जाणकार वकिलाला दाखवा.

चळवळीही संपतात, हेही लक्षात असू द्या. ज्या पॅरिसच्या मंडळीविषयी वर लिहिले, त्यांची ती रीतसर संस्था पहिल्या प्रदर्शनानंतर काही महिन्यांतच तोट्यामुळे गुंडाळावी लागली आणि देणी सभासदांना वाटून घ्यावी लागली. अलीकडचे उदाहरण लेखनाच्या क्षेत्रातले आहे. नोव्हेंबर महिन्यात कादंबरीचा मसुदा लिहून काढण्याची १९९९ मध्ये सुरू झालेली चळवळ, ‘नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ’, अनेक देशांत स्थानिक स्वयंसेवकांच्या बळावर पसरली होती. २०२५ मध्ये तिच्या मध्यवर्ती संस्थेने काम बंद करत असल्याचे जाहीर केले. म्हणून वर्गणी किती, तोटा झाल्यास कोणाचा आणि बाहेर पडायचे असल्यास किती दिवस आधी कळवायचे, हे लेखी घ्या. त्याचबरोबर सदस्यांची यादी, जुन्या प्रदर्शनांची छायाचित्रे आणि हिशेब स्वतःकडेच ठेवा. चळवळीच्या व्यवस्थेत त्यांची प्रत जाऊ द्या, मूळ नको.

मतदानाचे म्हणाल, तर या प्रश्नावर ते घेऊ नये असे मला वाटते. वीस माणसांच्या गटात बारा विरुद्ध आठ असा निकाल लागला, तर ते आठ जण पुढच्या आठवड्यापासून हळूहळू येईनासे होतात आणि चळवळीला तुम्ही दिलेला शब्द उरलेल्या बारांना पेलावा लागतो. मतदानापेक्षा एक मधला मार्ग पाहा. गटाने एका वर्षासाठी, एकाच उपक्रमापुरते सहयोगी व्हावे. ज्यांना त्या उपक्रमात चित्र द्यायचे नाही, त्यांनी देऊ नये आणि त्याबद्दल त्यांना कोणी विचारू नये. वार्षिक प्रदर्शन मात्र पूर्वीसारखेच गटाच्या नावाने आणि गटाच्या मनाप्रमाणे व्हावे. ज्या तरुणांना याहून अधिक हवे आहे, त्यांनी स्वतःच्या नावाने चळवळीत जरूर जावे आणि तिथून आणलेले गटात दाखवावे. ज्येष्ठ चित्रकारांचे नाव यादीतून काढण्याची वेळ या व्यवस्थेत येतच नाही. ही तडजोड कोणालाच पूर्ण समाधान देणार नाही, हे मी जाणतो. पण वर्षाच्या शेवटी तुमच्याकडे अनुभव असेल, आणि मग होणारा वाद निदान पाहिलेल्या गोष्टींवर होईल. तुमच्यासारखेच निमंत्रण हातात घेऊन बसलेल्या नाट्यगटांना, वाचक मंडळांना आणि गायन-वादनाच्या समूहांनाही मी हेच सुचवेन, फक्त त्यांनी ‘चित्रा’च्या जागी आपापले काम धरावे.

महिनाअखेरीची मुदत मात्र फार मनावर घेऊ नका. चळवळीला आताच एक साधे पत्र लिहा : निमंत्रणाबद्दल आभार, आम्हाला रस आहे, निर्णयासाठी दोन महिने हवेत आणि तोवर या प्रश्नांची उत्तरे मिळाली तर बरे होईल. प्रश्नांत नावाची मांडणी, विषय नाकारण्याची मुभा, अन्यत्र प्रदर्शनाची मोकळीक, प्रतिमांच्या परवानगीची मुदत आणि बाहेर पडण्याची रीत एवढे असू द्या. सोबत आधीपासून संलग्न असलेल्या दोन गटांचे आणि जमल्यास बाहेर पडलेल्या एका गटाचे संपर्क मागा. बाहेर पडलेल्या गटाशी बोलताना त्यांची तक्रार काय होती हे तर ऐकाच, पण निघताना त्यांना कसे वागवले गेले, हेही विचारा. चळवळीचे उत्तर आले, की बैठकीच्या आठवडाभर आधी त्याची प्रत सर्व सदस्यांना द्या, आणि त्या ज्येष्ठ चित्रकारांना ती स्वतः नेऊन द्या.